पलीकडून उत्तर येईपर्यंत

आमच्या रक्तपेढीत एक गृहस्थ होते. त्यांना काहीही सांगितलं की सांगितलेलं ते आपल्याला परत म्हणून दाखवायचे. "मास्तर, प्रिंटरची शाई संपली." "प्रिंटरची शाई संपली. कुठल्या प्रिंटरची?" "काउंटरवरच्या." "काउंटरवरच्या प्रिंटरची शाई संपली. बरोबर." मगच खुर्चीतून उठायचे. आणि त्यांना आपल्याला काही सांगायचं असलं, की सांगून झाल्यावर चष्म्याच्या वरून बघत थांबायचे. आपण नुसतं "हो हो" म्हटलं तर ते पुरत नसे. "बोला परत," म्हणायचे. नवीन माणसाला वाटे, हे आपली परीक्षा घेताहेत. जुनी माणसं मुकाट्याने परत बोलत, कारण वाद घालण्यापेक्षा त्यात वेळ कमी जाई.

रेवा, मागच्या रविवारी फोनवर तू सांगत होतीस, की दोन शहरांतल्या दोन डेटाबेसमध्ये एखादी नोंद नक्की कधी 'झाली' म्हणायची, यावरून तुमच्या ऑफिसात आठवडाभर वादावादी चालली आहे. मग मध्येच थांबून म्हणालीस, "जाऊ दे आजी, तुला नाही कळायचं ते." पण मला ते कळतं. त्याच एका गोष्टीवरून मी या गृहस्थांशी दोन महिने कामापलीकडे बोलत नव्हते. म्हणून हे तुला आणि निनादला लिहून ठेवते आहे. निनादला यातलं कॉम्प्युटरचं सेटिंग समजलं नाही तरी माणूस समजेल.

त्यांचं नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना तारमास्तर म्हणत असू, तेच इथे पुरे.

ते वसईजवळच्या नंदाखाल गावचे. घरची नारळ-केळीची वाडी, घरात बायको आणि म्हातारी आई. घरी ते आपल्या गावच्या बोलीत बोलत. ती मला निम्मीच कळे. आमच्याशी मात्र छापील पुस्तकासारखं मराठी. दर रविवारी चर्चला जात, आणि त्यांच्या गावचे लोक सांगत, की सगळ्या चर्चचं 'आमेन' म्हणून झालं की एक 'आमेन' मागाहून एकटं येतं, ते यांचं. सगळ्यांचं म्हणून झालं याची खात्री करून मग ते आपलं म्हणत.

नोकरीची पहिली वीस-बावीस वर्षं त्यांनी तारखात्यात काढली होती. तार म्हणजे काय हे तुम्हाला आता सांगावंच लागेल. एका टोकाला बसलेला माणूस बोटाने टकटक करून अक्षरं पाठवी, दुसऱ्या टोकाचा माणूस ती कानाने ऐकून कागदावर उतरवून घेई. त्या कामाचा नियम एकच, असं ते सांगत. पलीकडच्याने मिळाल्याची खूण दिली नाही, तर आपण तार पाठवलेलीच नाही. बोट दुखेपर्यंत टकटक केली असली तरी नाही. पुढे घरोघरी टेलिफोन आले, तारांचं काम ओसरलं, आणि चाळिशी उलटून गेलेल्या या माणसाने कॉलेजच्या मुलांच्या शेजारी बसून कॉम्प्युटरचा कोर्स केला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या ट्रस्टने वसईत रक्तपेढी सुरू केली, तेव्हा कॉम्प्युटर सांभाळायला ते आले आणि रेकॉर्ड सांभाळायला मी. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, फायलींना छापील लेबलं लावणारी, पट्टीशिवाय रेघ न ओढणारी. ट्रस्टींना वाटलं, या दोघांचं चांगलं जमेल.

पत्र लिहायचं तर ते जोडकार्ड आणत. जोडकार्ड म्हणजे एकाला एक चिकटलेली दोन पोस्टकार्डं. एकावर आपण लिहायचं आणि दुसरं कोरं, ज्याला पत्र गेलं त्याने उत्तर लिहून पाठवायला. त्यावर आपला पत्ता ते आधीच घालून ठेवत. वाडीतली केळी उतरली की आमच्या प्रत्येकाच्या घरी एकेक फणी पोहोचती करत आणि संध्याकाळी फोन येई. "केळी मिळाली?" मिळाली म्हटलं की, "किती?" पहिल्या वेळी मला राग आला. वाटलं, वाटेत कुणी खाल्ली का हे बघताहेत. दुसऱ्या वेळेपासून मी फोन यायच्या आधी केळी मोजून ठेवू लागले.

आणि फोन ते कधीच आधी ठेवत नसत. समोरच्याने ठेवल्याचा खट्ट आवाज ऐकला की मग आपला ठेवत. तुमच्या आजोबांनी एकदा मुद्दाम ठेवला नाही. दोघेही एकमेकांचा श्वास ऐकत बराच वेळ बसून राहिले. शेवटी टीव्हीवर बातम्या लागल्या म्हणून आजोबांनी हार पत्करली.

त्यांच्या बायकोला मी एकदा विचारलं, तुम्ही कशा राहता हो यांच्याबरोबर? त्या हसून म्हणाल्या, "मॅडम, लग्नात मी 'हो' म्हटलं ते फादरना ऐकू गेलं, अख्ख्या चर्चला ऐकू गेलं. हे म्हणाले, परत."

आता मुख्य गोष्ट. विरारला एका प्रसूतिगृहात आमच्या रक्तपेढीचं छोटंसं साठवण केंद्र होतं. एक फ्रिज, एक कॉम्प्युटर आणि एक सिस्टर. वसईचा आणि विरारचा कॉम्प्युटर टेलिफोन खात्याच्या एका लाइनीने जोडलेले. नोंदी आम्ही वसईला करायच्या, आणि प्रत्येक नोंदीची नक्कल त्या लाइनीवरून विरारला जायची. वसईचं मशीन जळलं, बिघडलं तरी विरारची नक्कल हाताशी असावी, हा एक उद्देश. दुसरा उद्देश रोजचा. विरारची सिस्टर फ्रिजमधली रक्ताची पिशवी पेशंटला देण्याआधी तिथल्या पडद्यावर त्या पिशवीचा नंबर बघे. नंबर हिरवा दिसला तर पिशवी द्यायची. लाल दिसला, म्हणजे पिशवी होल्डवर आहे, तिला हात लावायचा नाही.

तारमास्तरांनी सेटिंग असं ठेवलं होतं, की मी नोंद भरून बटण दाबलं की वसईचं मशीन ती आपल्याकडे लिहून घेई, नक्कल विरारला पाठवी, आणि विरारहून उत्तर येईपर्यंत मला काहीही सांगत नसे. तोवर पडद्यावर वाळूचं घड्याळ. उत्तर आलं की मग अक्षरं उमटत, 'नोंद पक्की'. लाइन चांगली असेल तर दोन सेकंदांत. वाईट असेल तर अर्ध्या मिनिटात. आणि लाइन बंद पडली तर वसईचं मशीनही हातावर हात ठेवून बसे. आमच्याकडे वीज होती, माणसं होती, रक्त द्यायला आलेले लोक होते, पण विरार गप्प म्हणून वसई गप्प.

एके दिवशी गोखिवऱ्याच्या एका कारखान्यातून पंचवीस कामगार टेम्पोत बसून रक्त द्यायला आले. त्यांना जेवणाची सुट्टी तेवढीच मिळालेली. आमचं मशीन नाव भरून झाल्याशिवाय पिशवीचं लेबल छापत नसे, आणि लेबलाशिवाय रक्त काढायला परवानगी नव्हती. पहिल्याचं नाव भरलं, बटण दाबलं, आणि वाळूचं घड्याळ आलं ते हलेना. मी तारमास्तरांना हाक मारली. त्यांनी विरारला फोन लावून पाहिला, परत आले आणि म्हणाले, "विरारची लाइन बंद आहे."

"विरारला रक्त काढायचं नाहीये, मास्तर. इथे काढायचंय."

"विरारला कळल्याशिवाय इथे झालं कसं म्हणायचं?"

ते पंचवीस जण बाकांवर बसून सरबत प्यायले, भिंतीवरचे तक्ते वाचून झाले, आणि सुट्टी संपल्यावर तसेच उठले. जाताना त्यांचा सुपरवायझर मला म्हणाला, "मॅडम, आम्ही रक्त द्यायला आलो होतो, हजेरी लावायला नाही." मला इतकी शरम वाटली, की त्याच दुपारी मी आमच्या प्रमुख डॉक्टरांना दोन पानी पत्र लिहिलं. इंग्रजीत, मुद्द्यांना आकडे घालून. सहावा मुद्दा असा होता, की एका माणसाच्या सवयीसाठी संस्थेने ताटकळत बसू नये. तो मुद्दा मी आज लिहिला नसता.

डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. त्यांनी मास्तरांचं म्हणणं ऐकलं, माझं ऐकलं आणि माझ्या बाजूने निकाल दिला. यापुढे वसईने विरारसाठी थांबायचं नाही. आपल्याकडे लिहिलं की लगेच 'पक्की' म्हणायचं, विरारला नक्कल मागाहून जमेल तशी जाईल. मास्तरांनी हुकूम शब्द न् शब्द परत म्हटला. मग ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, आता पडद्यावर 'नोंद पक्की' दिसेल त्याचा अर्थ, वसईला पक्की. विरारला नंतर कळेल. किती नंतर, ते सांगता येणार नाही. बोला परत."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते कागदात डोकं घालून हसू लपवत होते. शाळेतल्या मुलीसारखी मी घडाघडा म्हणून टाकलं, "वसईला पक्की, विरारला नंतर, किती नंतर ते सांगता येणार नाही."

"बरोबर," म्हणाले आणि बाहेर जाऊन त्यांनी कुठल्याशा फायलीतला एक शब्द बदलला. अर्धं मिनिटही लागलं नाही. ज्या गोष्टीवरून इतकं रामायण झालं ती एवढीशी होती, याचाही मला राग आला.

त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत असे. ते माझ्याशी पूर्वीइतकंच बोलत, त्यामुळे माझा अबोला त्यांच्या ध्यानात आला की नाही, देव जाणे. काम मात्र पाण्यासारखं वाहू लागलं. बटण दाबावं आणि बोट उचलायच्या आत 'नोंद पक्की'. रांगा गेल्या. गोखिवऱ्याचे लोक परत आले आणि तासाभरात सगळं उरकून गेले. मी सुपरवायझरला मुद्दाम चहा दिला.

तारमास्तरांनी एक नवीन सवय लावून घेतली. रोज दीड वाजता, डबा उघडायच्या आधी, ते विरारच्या सिस्टरला साध्या फोनवरून फोन करत. "सिस्टर, शेवटची नोंद कुठली दिसते?" ती नंबर वाची. मास्तर तो परत म्हणत, आमच्या पडद्यावरच्या शेवटच्या नंबराशी ताडून पाहत. बहुतेक वेळा फरक नसे, कधी एखाद-दुसऱ्या नोंदीचा असे. "बरोबर," म्हणत आणि मग डबा उघडत. आमचे टेक्निशियन त्यांची चेष्टा करत, "मास्तर, विरारचं पोट भरल्याशिवाय तुम्ही जेवत नाही का?" ते हसत, पण फोन चुकवत नसत.

तो दिवस सोमवार होता. आदल्या दिवशी मोठं शिबिर झालं होतं. शिबिरासाठी नुसत्या नंबरांची लेबलं आधी छापून नेत; तिथे कॉम्प्युटर नसल्यामुळे सगळे फॉर्म दुसऱ्या दिवशी रक्तपेढीत भरायचे असत. सकाळपासून तिघंजण भराभर नावं भरत होते. नवीन सेटिंगमुळे कुणाला थांबावं लागत नव्हतं, म्हणून काम झपाट्याने चाललं होतं. मी त्या वेगाकडे कौतुकाने बघत होते.

एकच्या सुमाराला गोखिवऱ्याहून फोन आला. आठवड्यापूर्वी रक्त देऊन गेलेला एक कामगार बोलत होता. डोळे पिवळे झालेत, डॉक्टर कावीळ म्हणतात, तुम्ही सांगितलं होतं काही झालं तर कळवा, म्हणून कळवतोय. मी त्याचे आभार मानले. रक्त तपासलं तेव्हा काही दिसलं नव्हतं, पण काही आजार रक्तात सुरुवातीला दिसत नाहीत. त्याच्या पिशवीचा नंबर शोधला. पिशवी दोन दिवसांपूर्वीच विरारच्या फ्रिजमध्ये गेली होती. मी ताबडतोब ती होल्डवर टाकली. बटण दाबलं, 'नोंद पक्की'. रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहिलं, खाली पट्टीने रेघ ओढली आणि डबा घेऊन जेवायला बसले.

विरारला फोन करावा, हे माझ्या मनातही आलं नाही. इतकी वर्षं पडदा जेव्हा 'पक्की' म्हणे तेव्हा विरारला कळलेलंच असे. सेटिंग मी बदलून घेतलं होतं, पण पडद्यावरचा माझा विश्वास तसाच जुना राहिला होता.

तारमास्तर फोनकडे चालले होते. सगळे जेवायला बसलेले, त्यांच्या घरून त्या दिवशी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आली होती, आणि माझा अबोलाही जुना झाला होता. मी म्हटलं, "मास्तर, आज तरी आधी जेवा. विरार कुठे पळून जात नाही."

ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "विरार पळून जात नाही. बरोबर." आणि फोन लावला.

सिस्टर अर्नाळ्याकडची. तिचा आवाज फोनमधून खोलीभर ऐकू येई. "कोन, मास्तर? आता नको हो. वर बाळंतीन आहे, रक्त चढवायचंय, लेबर रूमची मानसं खोळंबलीत."

"शेवटची नोंद कुठली दिसते?"

तिने वैतागून नंबर वाचला. मास्तरांनी तो परत म्हटला. आमच्या पडद्याकडे पाहिलं. मग पुन्हा विचारला. तिने पुन्हा तोच वाचला. विरार एकशे बारा नोंदी मागे होतं. शिबिराची सगळी नावं त्या बारीक लाइनीवर एकामागे एक उभी होती, आणि माझी होल्डची नोंद त्या रांगेच्या शेपटाला. मास्तरांचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं आणि लाल ओळीवर थांबलं.

"सिस्टर, पेशंटला देणार ती पिशवी कुठली? नंबर वाचा."

तिने वाचला. मी जागेवरून उठले. तो नंबर मी वीस मिनिटांपूर्वीच लाल शाईने लिहिला होता.

"ती पिशवी द्यायची नाही. होल्डवर आहे. बोला परत."

"इथं तर हिरवी दिसते, मास्तर."

"हिरवी दिसते. बरोबर. द्यायची नाही. बोला परत."

मग तिचा आवाज आला, एकदम वेगळा. "ती पिशवी द्यायची नाही. होल्डवर आहे."

"त्याच गटाची दुसरी आहे?"

"एक आहे."

"नंबर वाचा." त्यांनी तो आमच्या पडद्यावर पाहिला, मला दाखवला, मी मान हलवली. त्यांना ते पुरलं नाही. माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "हिरवी आहे. देता येईल." मग ते फोनमध्ये म्हणाले, "जुळवून घ्या आणि ही द्या." तिने नंबर परत वाचला. ते "बरोबर" म्हणाले आणि तिने फोन ठेवेपर्यंत थांबले.

ती बाई बरी झाली. मुलगी झाली होती तिला. पहिली पिशवी आम्ही नष्ट केली. ती चढली असती तर नक्की काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि म्हणूनच ते माझ्या मनातून कधी पूर्ण गेलं नाही.

मास्तरांनी डबा उघडला. एक सुकेळं माझ्यापुढे ठेवलं. ते आता म्हणतील, मी सांगितलं होतं, असं मला वाटत होतं. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते मुकाट जेवले, डबा धुतला आणि पुन्हा विरारला फोन लावून बसले, एकशे बारा नोंदी पोहोचेपर्यंत.

संध्याकाळी डॉक्टरांनी बोलावलं. होल्डची नोंद तिकडे वेळेवर का दिसली नाही, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "साहेब, सेटिंग मी बदललं होतं."

"डॉक्टर, बदलायला मी लावलं," मी म्हटलं. "आणि काय होऊ शकतं ते मास्तरांनी याच खोलीत माझ्याकडून म्हणून घेतलं होतं. वसईला पक्की. विरारला नंतर कळेल. किती नंतर, ते सांगता येणार नाही."

दुसऱ्यांदा म्हणताना ते वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आलं. शेजारून अगदी हळू आवाज आला, "बरोबर."

डॉक्टर म्हणाले, जुनं सेटिंग परत ठेवा. आणि मुलांनो, इथे मी पुन्हा आडवी आले. भीत भीत, पण आले. मी म्हटलं, मास्तर, त्या दिवशी गोखिवऱ्याचे पंचवीस जण तसेच परत गेले, ते रक्त कुणाला तरी कमी पडलंच असेल. तो पेशंट कोण ते आपल्याला दिसलं नाही, एवढंच. वाट बघण्यातही कुणाचं तरी नुकसान होतं.

तारमास्तरांनी माझं शेवटचं वाक्य परत म्हटलं, "वाट बघण्यातही कुणाचं तरी नुकसान होतं." आणि चष्मा काढून पुसत म्हणाले, "बरोबर."

पुढचे दोन दिवस आम्ही समोरासमोर बसून यादी केली. रेघा मी ओढल्या. कुठल्या नोंदीने थांबायचं आणि कुठल्या नोंदीने नाही. सगळ्या नोंदींना एकच नियम लावायची गरज नाही, प्रत्येक नोंदीबरोबर वेगळी सूचना देता येते, हे त्यांनीच मला समजावलं. नाव, पत्ता, शिबिर, सर्टिफिकेट यांनी थांबायचं नाही. विरार गप्प असलं तरी वसईचं काम चालू राहील. रक्तगट, पिशवी दिली, पिशवी होल्डवर टाकली, यांनी थांबायचं. त्या नोंदी रांगेतही मागे राहायला नकोत, म्हणून शिबिराचे फॉर्म थोडे थोडे भरायचे, असंही ठरलं. आणि होल्डचं वाळूचं घड्याळ मिनिटभरात हललं नाही, तर फोन उचलायचा. म्हणजे ते घड्याळसुद्धा आपल्याला काहीतरी सांगत असतं.

मला वाटलं, संपलं. मास्तर म्हणाले, "थांबायचं, पण कुठवर?"

विरारचं मशीन तीन वेळा तीन वेगळी उत्तरं देऊ शकतं, असं त्यांनी सांगितलं. एक, मला मिळालं. दोन, मी लिहून ठेवलं. तीन, इथे पडद्यावर दिसतंय. तिसऱ्यासाठी सगळ्यात जास्त थांबावं लागतं. मी म्हटलं, लिहून ठेवलं म्हणजे झालंच की. तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, आणि आमच्या इतक्या वर्षांत ती एकदाच सांगितली.

तारखात्यात नवीन असताना त्यांची नेमणूक कोकणातल्या एका लहान ऑफिसात होती. एका माणसाच्या नावे तार आली, आई अत्यवस्थ, लगेच निघ. यांनी ती उतरवून घेतली, मिळाल्याची खूण दिली, सुवाच्य अक्षरात फॉर्मवर लिहून शिपायाच्या टेबलावर ठेवली. शिपायाच्या सायकलचं चाक पंक्चर झालेलं. तार त्या माणसाच्या हातात पडली तेव्हा दुपारची एसटी निघून गेली होती, आणि त्या रस्त्याला दिवसात एकच एसटी होती.

"मी पलीकडे खूण दिली होती, मॅडम," ते म्हणाले. "खोटी नव्हती. तार मिळालीच होती. मला."

मी यादीत होल्डसमोर लिहिलं, 'दिसेपर्यंत'.

त्या दिवसापासून घरी केळी पाठवल्यावर त्यांचा जो फोन येई त्यात एक प्रश्न वाढला. मिळाली? किती? आणि खाल्लीत का?

काही वर्षांनी ते निवृत्त झाले. ज्याच्या वाडीत नारळांची मोजदाद नाही अशा माणसाला आम्ही शाल आणि नारळ दिला. नारळ कुणाच्या वाडीतला, असं त्यांनी विचारलं आणि उत्तर मिळाल्यावरच पिशवीत टाकला.

त्यानंतर रक्तपेढीत नवीन मशिनं आली. ती बसवायला पुरवठादाराकडचा एक चांगला अनुभवी माणूस आला होता. दोन दिवस त्याने सगळं तपासलं आणि मला म्हणाला, "मॅडम, बाकी सगळं पटापट होतंय, पण ही होल्डची एन्ट्री का अडकते? कुणीतरी जुनं सेटिंग ठेवून दिलंय. काढून टाकतो, एकदम फास्ट होईल."

मी त्याला खुर्ची दिली. बाळंतिणीची हकिगत सांगितली, हिरव्या दिसणाऱ्या पिशवीची सांगितली. मग म्हटलं, "ही नोंद विरारच्या पडद्यावर दिसेपर्यंत थांबणार. बोला परत."

तो हसला. मी हसले नाही. चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी त्याने ओशाळून ते वाक्य परत म्हटलं, आणि मी "बरोबर" म्हटलं.

त्या संध्याकाळी मी नंदाखालला फोन लावला. बायकोने उचलला. मास्तर वाडीत होते. त्यांना हाका मारून आणेपर्यंत बराच वेळ गेला. मग त्यांचा धापा टाकणारा आवाज आला.

"मास्तर, नवीन मशिनं आली. ते सेटिंग तसंच ठेवलंय."

"नवीन मशिनं आली. सेटिंग तसंच ठेवलंय. कुठलं?"

"होल्डचं."

"कुठवर थांबतं?"

"दिसेपर्यंत."

मला वाटलं, आता विचारतील, तुम्ही स्वतः पाहिलंत का, विरारला फोन केलात का, सिस्टरने काय वाचलं. मी सगळी उत्तरं कागदावर लिहून तयार ठेवली होती. पलीकडे थोडा वेळ त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मागे त्यांची बायको कुणाशी तरी बोलत होती.

"बरोबर," ते म्हणाले.

आणि खट्ट आवाज आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फोन त्यांनी आधी ठेवला होता.